मोनालीबाई नाकाडे यांनी विलायती राणीचे भाषण केले त्याची हकिकत

श्रीगणराय प्रसन्न. पडद्यास नमन, पडद्याच्या दोरीस नमन, आणि पुढे ताडपत्रीवर मांडी घालून बसलेल्या मायबाप रयतेस दंडवत, की जिच्या एका हुंदक्यावर आमची राज्ये उभी राहतात आणि एका जांभईवर पडतात. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध दशमी, रविवार, ते दिवशी राजधानीच्या थोरल्या रंगविद्यालयात मोनालीबाई नाकाडे यांची परीक्षा जाहली. त्यांणी परीक्षेत कोणते भाषण करावे यावरून आमचे नाट्यराज्यात, म्हणजे आमच्या नाटकमंडळीत, दोन महिने कल्लोळ माजला होता. पुढे लोक मन मानेल तैसे सांगू लागले. कोणी म्हणे बाई रडत बाहेर आली, कोणी म्हणे परीक्षेचे न्यायाधीश उठोन पाया पडले, सबब खरे वर्तमान लिहून ठेवणे आम्हांस प्राप्त जाहले. आम्ही त्या राज्याचे पदरी ऑर्गन वाजवितो. आमचे नाव लिहिण्याजोगे नाही, म्हणोन लिहीत नाही.

पूर्वेकडे मोठ्या नदीपलीकडे धानाचा आणि सागवानाचा मुलूख आहे. तेथे धान कापून घरात आले म्हणजे नाटकांचा हंगाम लागतो, आणि गावोगाव मंडप पडतात, आणि नट आज या गावी राजा तर उद्या त्या गावी दुसऱ्याच नाटकात चोर. एका हंगामात एकेक नट वीस-वीस नाटके करितो, मग पाठांतरास फुरसत कोणास असावी? म्हणोन या मुलुखात रंगमंचापुढे कमरेइतका खड्डा खणण्याची वहिवाट आहे, आणि त्या खड्ड्यात एके बाजूस ऑर्गन, दुसरे बाजूस तबला, आणि मध्ये वही मांडीवर घेऊन प्रॉम्प्टर बसतो. त्याची पाठ रयतेकडे आणि तोंड रंगमंचाकडे. तो शब्द देतो आणि नट बोलतो, आणि मग तो पुढचा देतो आणि नट पुढचे बोलतो. शहरचे लोक यास हसतात. हसोत. आमचे राज्यात हे काम डोमाजीबावा नाकाडे यांजकडे एकतीस वर्षे होते, आणि त्यांचा आवाज ऐसा तयार जाहला होता की रंगमंचावरील नटास स्पष्ट ऐकू जावा आणि पहिल्या रांगेतील पोरासही न कळावा. त्यांचा नेम एकच. नवा नट आला म्हणजे त्यास खड्ड्याजवळ बोलावून म्हणत, "पयला शब्द माहा, पुढचं तुमचं." मग तो राजा असो की चोर, वाक्य संपले की अर्धा श्वास नजर खाली खड्ड्याकडे टाकीत असे आणि शब्द मिळाला की वर पाहून गर्जत असे. आमच्या रयतेस ती खाली जाणारी नजर दुःखाची वाटे, आणि आम्हीही कधी तिचा समज मोडिला नाही.

मोनालीबाई या डोमाजीबावांच्या एकुलत्या एक. आई लहानपणीच वारली, म्हणोन त्या खड्ड्यातच वाढल्या, आमच्या ऑर्गनच्या पेटाऱ्यावर निजल्या, आणि सोळावे वर्षी खड्ड्यातून वर चढून रंगमंचावर गेल्या. आमच्या मालकांनी स्वतः लिहविलेल्या एका नाटकात भावाच्या दारी आलेल्या बहिणीचे भाषण आहे. ते मोनालीबाईंनी आठ हंगामांत तीनशेहून अधिक वेळा केले, आणि प्रत्येक वेळी ताडपत्रीवरील बायकांनी डोळ्यांस पदर लाविला. परंतु बाईंच्या मनात निराळेच होते. राजधानीत थोरले रंगविद्यालय आहे. तेथे तीन वर्षे शिकवितात, आणि साऱ्या मुलुखातून वर्षास वीस जण घेतात, आणि चोवीस वर्षे पुरी जाहलेल्यास दाराशीही उभे करीत नाहीत. मोनालीबाईंस त्या वर्षी चोविसावे सरत होते. दोन वेळा अर्ज लिहून त्यांणी डोमाजीबावांच्या एका जुन्या वहीत दडवून ठेविला होता. ही खेप गेली म्हणजे पुन्हा नाही, आणि मग जन्मभर बहिणीचे भाषण, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

तेसमयी तालुक्याच्या गावी सुहास उपासनी म्हणोन एक मास्तर राजधानीहून येऊन राहिले होते. स्वतः त्या विद्यालयात शिकलेले, चष्मा बारीक, बोलणे गोड, आणि मन चांगले हे आम्हांस मान्य करणे भाग आहे. त्यांणी मोनालीबाईंची तयारी करून देण्याचे पत्करिले, आणि पहिलेच दिवशी झेरॉक्सची दोन पाने हाती दिली. चारशे वर्षांमागे विलायतेत एक थोर कविराय होऊन गेले, की ज्यांचे नाव निघताच शहाणे लोक मान डोलवितात आणि न वाचलेले जास्त डोलवितात. त्यांच्या एका नाटकात एक राणी भरल्या दरबारी आरोपी होऊन उभी आहे, आणि तिच्या बाजूचे तेथे कोणी नाही, आणि ती एकटी बोलते. त्याच भाषणाची ती मराठी पाने. मास्तर बोलिले, "हे बघ मोनाली, तिथे समोर कसलेली माणसं बसतात. बहिणीचं भाषण केलंस तर म्हणतील, गावरान आहे. आणि एकदा गावरान म्हणाले की पुढचं कोणी ऐकत नाही. राणीचं कर. ते सुरू झालं की लोक सरसावून बसतात." हे वर्तमान आमच्या मालकांस कळले, आणि मालकांनी पान थुंकून सांगितले, "बहिनीचं भाषण या पोरीच्या हाडात हाय, आन ते सोडून हे विलायती कायले? ते फसलं तं नाक कोनाचं जाईन?" मग राज्यात दोन तट पडले. तबलजी राणीच्या बाजूचे, पडदेवाले बहिणीच्या बाजूचे, आणि जेवणाच्या पंगतीतही दोन तट वेगळे बसू लागले. आम्ही कोणाच्या बाजूचे नव्हतो. खरे सांगावयाचे तर बहिणीच्या होतो, कारण त्या भाषणामागे ऑर्गन आहे.

डोमाजीबावा मात्र दोन महिने काही बोलिले नाहीत. त्यांस बोलण्याची सवयच नव्हती. ते शब्द देत, स्वतःचे बोलत नसत. शेवटी परीक्षेस आठ दिवस उरले, तेव्हा घरामागच्या पडवीत मोनालीबाई तांदूळ निवडीत होत्या, तेथे जाऊन बसले, आणि सूप आपल्याकडे ओढून खडे वेचू लागले, आणि म्हणाले, "कोनतं करशीन मोना?"

"राणीचं."

"बहिनीचं बेस होते."

मोनालीबाईंचे हात थांबले. मग त्या जे बोलिल्या ते डोमाजीबावांनी आम्हांस जसेच्या तसे सांगितले, कारण त्यांस कोणाचेही बोलणे एकदा ऐकले की पाठ होते. त्या बोलिल्या, "बाबा, बहिनीचं भाषण मी कधी केलंच नाई. ते तुमी केलं. तुमी बोलले, मंग मी बोलली. तीनशे खेपा झाल्या, पन एक डाव बी पयला शब्द माहा नव्हता. आन हे राणीचं मी एकटीनं पाठ केलं. भांडे घासता घासता, एसटीत बसून, तुमाले न सांगता. विलायती हाय तं हाय. पन आजवर जे जे बोलली, त्यात हे एकच माहं हाय."

हे ऐकून डोमाजीबावांचे काळीज चिरले असे आम्ही म्हणू शकत नाही, कारण त्यांणी ते म्हटले नाही. ते बराच वेळ खडे वेचीत राहिले, तांदळात खडा उरला नाही तरी वेचीत राहिले, आणि मग विचारिले, "मंग मी काय करू?" मोनालीबाई म्हणाल्या, "तुमी संगं चला. पन आत नका येऊ. बाहेर बसजा." डोमाजीबावा "बरं" म्हणाले. आणि त्या दिवशी दुपारी त्यांणी ती झेरॉक्सची पाने मागून घेतली, आणि आपल्या मळक्या वहीत ते राणीचे भाषण मोठ्या अक्षरात उतरून काढिले, आणि जेथे श्वास तेथे लाल पेन्सिलीची रेघ मारिली, जैसी ते एकतीस वर्षे प्रत्येक नाटकास मारीत आले. आम्ही पुसिले, बावा, आत जाणे नाही, मग हे कोणासाठी? ते म्हणाले, "वहीत असलं म्हंजे बरं वाटते."

मग दशमीस सकाळी स्वारी राजधानीस पोचली; मोनालीबाई, डोमाजीबावा, उपासनी मास्तर, आणि मागोमाग आम्ही, कारण राहवले नाही. विद्यालयाचे अंगणात कडुलिंब आहे, त्याच्या पारावर डोमाजीबावा वही घेऊन बसले. आतील जो मजकूर पुढे लिहितो तो उपासनी मास्तरांनी दाराच्या फटीतून पाहिला आणि आम्हांस सांगितला, आणि सांगताना त्यांचा आवाज दोन ठिकाणी बसला, सबब खरा धरावा. परीक्षेचा दिवाणखाना मोठा, जमीन काळी आणि सपाट, ना मंच ना खड्डा. समोर तीन न्यायाधीश, मधल्या प्रमिलाबाई टिळेकर, केस पांढरे, की ज्या आपल्या तारुण्यात मोठ्या नामांकित नटी होत्या. आणि सकाळपासून त्या तिघांनी त्याच विलायती कविरायांची सतरा भाषणे ऐकिली होती, पैकी नऊ वेळा हीच राणी आरोपी होऊन उभी राहिली होती. उपासनी मास्तरांनी जे लोक सरसावून बसतात म्हणोन सांगितले होते, ते त्या वेळी चहाची वाट पाहत होते. मोनालीबाईंनी राणीचे नाव सांगितले तेव्हा डावीकडील न्यायाधीशाने डोळे मिटून घेतले, आणि मास्तरांस तेव्हाच कळले की आपण या पोरीस चुकीचे सांगितले, परंतु आता उपाय नव्हता.

मोनालीबाई उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या, आणि पहिली चार वाक्ये उत्तम बोलिल्या, आवाज खणखणीत, मान ताठ. आणि चौथे वाक्य संपले, तेथे पहिला लांब श्वास होता, आणि त्यांची नजर खाली गेली. जेथे खड्डा असावयाचा तेथे गेली. तेथे सपाट काळी जमीन. आणि बाई थांबल्या. अर्धा श्वास गेला, पुरा श्वास गेला, पाच श्वास गेले. लोक पुढे म्हणाले की बाई विसरली. ते साफ खोटे आहे. पाचवे वाक्य सबंध त्यांच्या तोंडात होते. परंतु आठ हंगामांची वहिवाट अंगात मुरलेली, की खालून शब्द आल्यावाचून आपण उघडावयाचे नाही, आणि शब्द काही येईना. डाव्या न्यायाधीशाने डोळे किलकिले करून कागदावर काही लिहिले आणि पुन्हा मिटले. उजवीकडचे गृहस्थ दयाळू होते; ते म्हणाले, "विसरलीस का बाळ? हरकत नाही. दुसरं काही येतं का तुला?"

येत होते. बहिणीचे भाषण जिभेच्या टोकावर होते, आणि ते कोठेही अडले नसते, आणि कदाचित तिघेही रडले असते. मास्तर सांगतात की त्या क्षणी ते दाराआड मनातल्या मनात ओरडत होते, बहिणीचे कर, बहिणीचे कर. मोनालीबाई म्हणाल्या, "येते. पन हेच करू द्या." आणि मग त्यांणी जे केले ते कोणी शिकविले नव्हते. त्या चालत पुढे आल्या, अगदी न्यायाधीशांच्या मेजाजवळ, आणि त्यांजकडे पाठ करून खाली बसल्या. डावा पाय दुमडून, डाव्या हाताचा तळवा मांडीवर उघडा, जैसी वही, आणि उजव्या हाताचे एक बोट थोडे वर. खड्ड्यातले डोमाजीबावा हुबेहूब. आणि समोरच्या रिकाम्या जमिनीकडे पाहून, जेथे घटकेपूर्वी राणी उभी होती, त्यांणी राणीस पाचवे वाक्य दिले. ओरडून नव्हे, त्या आवाजात, की जो नटापर्यंत जातो आणि पुढे जात नाही. मग अर्धा श्वास थांबल्या, आणि सहावे दिले. मग सातवे. दरबारात तिच्या बाजूचे कोणी नव्हते, ऐसे त्या कविरायांनी लिहिले आहे. आता एक जण खाली बसली होती आणि हळू आवाजात तिला एकेक वाक्य पुरवीत होती, जणू म्हणावे, घाबरू नको, हे घे, आता हे घे. न्यायाधीशांस बाईंची फक्त पाठ आणि वेणी दिसत होती. शब्द ऐकू यावे म्हणोन तिघेही मेजावर ओणवे जाहले, आणि डाव्याचे डोळे उघडले, आणि चहा आला तो तैसाच परत गेला. ऐसे करीत शेवटचे वाक्य आले. मोनालीबाईंनी त्याचा पहिला शब्द दिला, फक्त पहिला, आणि बोट वर ठेवून थांबल्या.

आणि मग मागून एक म्हातारा, किंचित फाटलेला आवाज उठला आणि त्याने ते वाक्य शेवटपर्यंत बोलून पुरे केले. प्रमिलाबाई उभ्या होत्या. त्या कधी उठल्या हे त्यांसही ठाऊक नव्हते. खुर्चीत परत बसून त्यांणी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं झाली मी ही राणी केली त्याला. मला वाटलं होतं, गेलं सगळं." मग पुसिले, "असं कोण बसतं गं?"

"माहे बाबा. खड्ड्यात बसते."

"आज कुठे आहेत?"

"बाहेर, झाडाखाली."

"मग आत का नाही आणलंस त्यांना? अडली नसतीस."

मोनालीबाई म्हणाल्या, "आनलं असतं तं मी पुन्हा त्यांचंच बोलली असती." आणि नमस्कार करून बाहेर आल्या, आणि मास्तरांनी दिलेले पाणी उभ्याउभ्याच प्याल्या. आत तिघांत मोठा वाद जाहला. डाव्याचे म्हणणे, परीक्षकांस पाठ दाखविणारी नटी आपण जन्मात पाहिली नाही, आणि अर्धे भाषण जर परीक्षकांनीच करावयाचे तर गुण कोणास द्यावे. प्रमिलाबाईंचे म्हणणे काय ते कळले नाही, परंतु त्या मोठ्याने बोलत होत्या.

चार वाजता कारकून पायऱ्यांवर उभा राहिला आणि कागद उघडून नावे वाचू लागला. ज्याचे नाव येईल त्याने "हजर" म्हणावे ऐसी तेथील रीत. शंभरावर पोरेपोरी अंगणात. मोनालीबाई पुढे उभ्या, आणि त्यांच्या मागे दोन हातांवर डोमाजीबावा, वही छातीशी. दहा नावे जाहली, पंधरा जाहली, अठरा जाहली. आम्ही मनात परतीची गाडी ठरवू लागलो. एकोणिसावे नाव कारकुनाने वाचिले, "नाकाडे, मोनाली डोमाजी." आम्ही बावांच्या शेजारी होतो, आम्ही पाहिले. त्यांणी श्वास घेतला, ओठ उघडले, तो पहिला शब्द ओठावर आला, एकतीस वर्षे जैसा येत होता तैसा. आणि तो सुटण्याआधी पुढून आवाज आला, "हजर!" सारे अंगण वळून पाहू लागले इतका मोठा. बाईंची मान ताठ होती, आणि नजर खाली गेली नव्हती. डोमाजीबावांच्या ओठांवरचा शब्द ओठांवरच राहिला. त्यांणी तोंड मिटले आणि वही मिटली.

मग बाई वळून धावत आल्या आणि बापाच्या पाया पडल्या, आणि बावांनी त्यांस उठविले आणि विचारिले, "पाचव्या वाक्याले थांबली व्हतीस नं?"

"थांबली. तुमाले कसं समजलं?"

"तुई येळ मोजून इथं वाचत व्हतो मी. चौथ्यामागं पयली लांब लाल रेघ हाय, तिथं तू खाली पायशीनच, मनून पाचव्याले मी शब्द देल्ला व्हता."

"आयकू नाई आला बाबा."

"बरं झालं," डोमाजीबावा म्हणाले, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसू लागले, आणि ते पुसणे लवकर आटपेना.

येणेप्रमाणे मोनालीबाई राजधानीस राहिल्या, राज्यातील दोन्ही तट आपणच खरे म्हणोन सांगू लागले, आणि मालकांनी बहिणीच्या कामास दुसरी मुलगी आणिली. डोमाजीबावा खड्ड्यात बसतात. नव्या मुलीसही तोच नेम सांगितला आहे, की पयला शब्द माहा, पुढचं तुमचं. परंतु आम्ही शेजारी बसतो म्हणोन आम्हांस कळते, हल्ली प्रत्येक प्रयोगात एका वाक्यास ते बोट वर करून मुद्दाम अर्धा श्वास जास्त थांबतात, की पोर आपणहून बोलते का पाहावे. अद्याप बोलली नाही. मग ते शब्द देतात, आणि आम्ही ऑर्गन धरितो. जे पाहिले आणि जे विश्वासू माणसाने फटीतून पाहिले ते इतकेच. अधिक कोणी सांगेल तर ते त्याच्या पदरचे जाणावे.